हवा गेली तर?

देवळाली कॅम्पचं नाव काढलं की लोक आधी इथल्या हवेबद्दल बोलतात. मुंबईच्या पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबांनी इथे बंगले आणि सॅनिटोरियम बांधले ते या हवेसाठीच. लॅम रोडवरून चालत गेलं की त्या जुन्या वास्तू अजून दिसतात. मी इथेच वाढलो, पण माझं पोट गेली २६ वर्षं वेगळ्याच हवेवर चालतं. ती हवा कारखान्यातल्या कॉम्प्रेसरमधून निघते, ड्रायरमध्ये कोरडी होते, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निळ्या नळीतून फिरते आणि जिथे पोहोचते तिथे कुठला तरी व्हॉल्व्ह उघडते किंवा बंद करते. मी औषधांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे.

माझ्या बहिणीची मुलगी यंदा आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडली. सिन्नरकडच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. समोरच्या साहेबांनी कागदावर एक बंद टाकी काढली, टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण काढलं, त्या पाण्याच्या लाइनीवर एक व्हॉल्व्ह काढला आणि विचारलं, "हवा गेली तर हा व्हॉल्व्ह कुठे जाईल?" ती म्हणाली, "बंद होईल." त्यांनी विचारलं, "का?" ते तिला सांगता आलं नाही. पुस्तकातल्या बहुतेक आकृत्यांखाली 'नॉर्मली क्लोज्ड' छापलेलं होतं, तेवढं तिच्या लक्षात होतं.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. चहा होईपर्यंत गप्प बसली आणि मग म्हणाली, "मामू, व्हॉल्व्ह को कैसा मालूम पडता के हवा गई?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी विचारला त्याच्यापेक्षा तो चांगला होता. त्याचं उत्तर द्यायला पुढचे चार-पाच रविवार लागले. माझ्याकडे भंगारातून किलोच्या भावाने आणलेला एक जुना डायफ्राम व्हॉल्व्ह आहे. तो ओट्यावर मांडून आम्ही बसायचो, आणि बघता बघता गल्लीतली आणखी तीन-चार मुलं येऊन बसायला लागली. त्या बोलण्याचा सारांश इथे देतो, कारण हे मराठीत लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही आणि ज्यांना ते लागतं त्यांच्यातले बरेच जण मराठीतच शिकलेले आहेत.

सुरुवात आपल्या गल्लीच्या तोंडाशी, लोखंडी झाकणाखाली असलेल्या पाण्याच्या व्हॉल्व्हपासून करू. व्हॉल्व्हमन सकाळी लांब चावी घेऊन येतो, दांडा फिरवतो, पाणी सुटतं. झाकण उघडून पाहिलं तर त्या दांड्याभोवती बहुतेक वेळा पाणी झिरपत असतं. याचं कारण सोपं आहे. दांडा बाहेरून फिरवायचा, पण त्याचं काम पाइपाच्या आत, पाण्यात. म्हणजे दांड्यासाठी भोक ठेवावंच लागतं. त्या भोकात ग्रीस लावलेली दोरी ठासून भरतात, तिला ग्लँड पॅकिंग म्हणतात. दोरी झिजली की गळती सुरू. पाणी असेल तर चिखल होतो, एवढंच. पण आत ॲसिड असेल तर? किंवा सलाइनच्या बाटलीत जाणारं निर्जंतुक पाणी असेल तर? तिथे दुहेरी धोका आहे. आतलं बाहेर येईल आणि बाहेरचं, म्हणजे ग्रीस, धूळ, जंतू, आत जातील.

हा प्रश्न औषधांच्या कारखान्यात सुटला नाही, तो खाणीत सुटला. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल खाणींमध्ये ड्रिल मशीन दाबाच्या हवेवर चालायची. जमिनीवरच्या कॉम्प्रेसरमधून हवा खाली जायची आणि वाटेतल्या व्हॉल्व्हांमधून गळायची. हवा दाबायला खर्च होतो, त्यामुळे गळती म्हणजे पैशांची गळती. ती थांबवण्याच्या खटपटीत पी. के. सॉन्डर्स नावाच्या इंजिनिअरने १९२८ साली रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह बनवला. आजही बरेच लोक या जातीच्या व्हॉल्व्हला त्याच्याच नावाने ओळखतात.

त्याची कल्पना अशी. दांड्याने पाण्यात जायचंच नाही. पाणी आणि दांडा यांच्यामध्ये एक अखंड रबरी पडदा ठेवायचा. त्याच्या कडा चारही बाजूंनी बोल्टांनी घट्ट आवळायच्या. दांडा वरून पडद्याला दाबेल, पडदा वाकेल आणि पाण्याची वाट बंद करेल. दांडा वर खेचला की पडदा उचलला जाईल आणि वाट मोकळी. भोक नाही, त्यामुळे ग्लँड नाही, दोरी नाही, झिरपणं नाही.

डायफ्राम म्हणजे पडदा हे मुलांना लगेच समजलं, पण दाबाने पडदा कसा वाकतो हे दाखवायला मला देवळालीचाच दाखला सापडला. स्कूल ऑफ आर्टिलरीचा तोफांचा सराव सुरू झाला की आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. आवाजाबरोबर हवेचा दाब येतो, काचेच्या एका बाजूला क्षणभर जास्त होतो आणि कडांनी धरलेली काच मधून किंचित वाकते. कडा पक्क्या, मध्यभाग हलता, दोन बाजूंना वेगवेगळा दाब. डायफ्राम म्हणजे एवढंच. काच थोडीच वाकते म्हणून थरथरते, रबर खूप वाकतं म्हणून कामाला येतं.

आता ओट्यावरचा व्हॉल्व्ह उघडून बघू. त्याचे तीन मजले आहेत.

खालचा मजला म्हणजे बॉडी. माझ्याकडची स्टेनलेस स्टीलची आहे, ३१६एल जातीची, औषध कारखान्यांत बहुधा हीच लागते. दोन्ही बाजूंनी पाइप येतो आणि बरोबर मध्ये तळातून एक उंचवटा वर आलेला असतो. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे तोच नदीवरच्या बंधाऱ्यालाही आहे, म्हणून आम्ही त्याला बंधाराच म्हणायला लागलो. नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. पाणी बंधाऱ्यावरून उडी मारून पलीकडे जातं. पडदा खाली येऊन या बंधाऱ्याच्या डोक्यावर टेकला की वाट बंद. बंधारा असल्यामुळे पडद्याला फार खाली यावं लागत नाही, म्हणून तो कमी वाकतो आणि जास्त टिकतो. गाळ किंवा घट्ट चिखलासारखा माल वाहायचा असेल तर बंधारा अडथळा होतो. तिथे सरळ पोटाची बॉडी वापरतात, पण मग पडद्याला पार तळापर्यंत जावं लागतं आणि तो लवकर थकतो.

बंधाऱ्याची आणखी एक अडचण आहे. आडव्या पाइपात व्हॉल्व्ह सरळ उभा बसवला तर बंधाऱ्याच्या अलीकडे पाणी साचून राहतं. औषधाच्या लाइनीत साचलेलं पाणी म्हणजे जंतूंची वस्ती. म्हणून तो ठरावीक कोनात तिरका बसवतात आणि चांगल्या बॉडीवर त्या कोनाची खूण कोरलेली असते. कारखान्यात वाकडा दिसणारा व्हॉल्व्ह बघून नवीन मुलगा तो सरळ करायला जातो. वाकडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे हे त्याला आधी सांगावं लागतं.

मधला मजला म्हणजे पडदा. त्याच्या पाठीत एक छोटा स्क्रू बसवलेला असतो, त्याने तो दांड्याला जोडतात. पडद्याच्या डोक्यावर धातूचा एक तुकडा असतो, तो बंधाऱ्याच्या आकाराला जुळणारा असतो आणि दाब पडद्यावर सारखा वाटतो. पडदा कशाचा आहे यावर सगळं अवलंबून. ईपीडीएम नावाचं रबर गरम पाणी आणि वाफ चांगली सोसतं, पण तेल लागलं की फुगतं. तेलासाठी नायट्राइल. घासणाऱ्या मालासाठी नैसर्गिक रबर. तिखट रसायनांसाठी टेफ्लॉन, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. पण टेफ्लॉनला रबरासारखी लवचिकता नसते, दाबलं की दाबलेलंच राहू बघतं. म्हणून पुढे टेफ्लॉन आणि पाठीला रबराचा आधार, असा जोड पडदा बनवतात.

पडदा कायमचा नसतो. रोज उघड-बंद, धुलाईचं कॉस्टिक, वर १२१ अंशांची वाफ, यातून त्याला बारीक चिरा पडतात, बहुधा जिथे तो बंधाऱ्यावर टेकतो तिथे. तो फाटला तर कळायचं कसं? बऱ्याच व्हॉल्व्हांना पडद्याच्या वरच्या भागात एक छोटं भोक ठेवलेलं असतं. त्यातून थेंब दिसला की समजायचं, पडदा गेला. नवशिक्यांना वाटतं व्हॉल्व्ह गळतोय, भोक बुजवा. मी मुलांना सांगितलं, ते भोक बुजवणं म्हणजे आजारी माणसाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे.

वरचा मजला म्हणजे ॲक्च्युएटर. हाताच्या चाकाऐवजी हवा काम करते ती इथे. एक बंद डबा, त्यात वर-खाली सरकणारा पिस्टन, पिस्टनला जोडलेला दांडा आणि पिस्टनच्या डोक्यावर जाडजूड स्प्रिंग. स्प्रिंग पिस्टनला सतत खाली ढकलत असते. पिस्टनच्या खालून हवा सोडली की ती स्प्रिंगला दाबत पिस्टन वर उचलते, दांडा वर येतो, पडदा उचलला जातो, व्हॉल्व्ह उघडतो.

हवेत एवढी ताकद कुठून आली, असं एका मुलाने विचारलं. हिशोब सोपा आहे. सहा बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहा किलोचा रेटा. पिस्टनचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की पावणेपाचशे किलोच्या आसपास येतात. एक बुलेट मोटारसायकल उचलायला चार माणसं लागतील. इथे दोन मोटारसायकलींपेक्षा जास्त वजन एका बारीक नळीतून आलेली हवा उचलते.

ही हवा कधी सोडायची हे ठरवतो सोलेनॉइड. तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. कंट्रोल रूममधून २४ व्होल्ट मिळाले की तो हवेला ॲक्च्युएटरमध्ये जाऊ देतो. वीज काढली की हवेची येण्याची वाट बंद होते आणि आत असलेली हवा बाहेर सोडली जाते. कारखान्यात सारखा 'फुस्स' असा आवाज येतो तो याचाच.

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळतो. हवा गेली हे व्हॉल्व्हला कसं कळतं?

त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. स्प्रिंग पहिल्या दिवसापासून ढकलतेच आहे. हवा तिला फक्त थोपवून धरते. कॉम्प्रेसर बंद पडला, नळी फाटली, सोलेनॉइडची वायर तुटली, लोडशेडिंग झालं, काहीही होवो, थोपवणारं कुणी उरत नाही आणि स्प्रिंग आपलं काम पूर्ण करते. त्यासाठी कुठला सेन्सर लागत नाही, निरोप लागत नाही, माणसाने धावत जावं लागत नाही. सुरक्षितता आधीच दाबून भरून ठेवलेली असते.

मग उरतो तो खरा प्रश्न, स्प्रिंग कुठल्या बाजूला बसवायची? पिस्टनच्या वर बसवली तर हवा गेल्यावर व्हॉल्व्ह बंद होतो. खाली बसवली तर उघडतो. तिसरा प्रकार स्प्रिंग नसलेला, दोन्ही बाजूंनी हवेवर चालणारा. हवा गेल्यावर तो कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. जिथे 'आहे तिथेच राहा' असं हवं असतं, उदाहरणार्थ काही ठिकाणी बॉयलरच्या पाण्यावर, तिथे हवा कोंडून धरणारी वेगळी योजना करावी लागते. उत्तर पुस्तकात नसतं, ते त्या जागेवर असतं. बर्नरला जाणारा गॅस असेल तर हवा गेल्यावर बंद व्हायला हवा. टाकी तापवणारी वाफ असेल तर तीही बंद. पण मुलाखतीतल्या साहेबांनी काढलेली टाकी आठवा. आत रसायनांची प्रक्रिया चालू आहे, तिच्यातून उष्णता बाहेर पडते आहे आणि भोवतालचं थंड पाणी ती उष्णता वाहून नेतं आहे. हवा गेली आणि पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला तर टाकी तापत जाईल, दाब वाढत जाईल. म्हणून तो उघडायला हवा. तिथे स्प्रिंग खाली.

हे सांगितल्यावर भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मतलब पहले किसी ने बैठके सोचा के सबसे बुरा क्या होएंगा." बरोबर. स्प्रिंगची बाजू म्हणजे कुणीतरी आधी केलेला विचार.

हाच विचार आपल्या देवळाली स्टेशनवरून रोज जातो. गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये चालताना पाच किलोचा हवेचा दाब भरलेला असतो. बऱ्याच लोकांना वाटतं हवा सोडली की ब्रेक सुटतात. नेमकं उलट आहे. पाइपातला दाब कमी झाला की ब्रेक लागतात. डब्यांची जोडणी तुटली, पाइप फाटला, तर प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा आपोआप ब्रेक आवळते. साखळी ओढल्यावर जो फुसफुसाट होतो, तो ब्रेक पाइपातली हवा बाहेर पडण्याचा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने अमेरिकेत १८७२ मध्ये ही उलटी पद्धत आणली, कारण त्याच्या आधीच्या ब्रेकमध्ये पाइप तुटला की ब्रेकच नाहीसे व्हायचे. कसाऱ्याच्या घाटात ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे. त्या उतारावर हवा गेल्यावर ब्रेक लागतात की सुटतात, हा प्रश्न गाडीतल्या प्रत्येकाच्या जिवाचा आहे.

इथे एक घोटाळा सोडवायला हवा, कारण मुलाखतीत तोही विचारतात. कारखान्यात 'डायफ्राम व्हॉल्व्ह' या नावाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. एक आत्ता सांगितला, ज्यात पडदा पाइपातल्या मालाला अडवतो. दुसऱ्यात पडदा वर, ॲक्च्युएटरमध्ये असतो. दोन पराती एकमेकींवर पालथ्या ठेवाव्यात तशी त्याची झाकणं दिसतात आणि त्यांच्या मध्ये रबरी पडदा ताणलेला असतो. हवा त्या पडद्याला ढकलते, पडदा दांड्याला ढकलतो आणि खाली पाइपातला धातूचा प्लग वर-खाली होतो. वीज केंद्रातल्या बॉयलरसारख्या ठिकाणी, जिथे दाब आणि तापमान रबराला सोसणारं नसतं, तिथे हा दुसरा प्रकार वापरतात. हा फक्त उघड-बंद करत नाही, अर्धा, पाव, पाऊण असा कुठेही थांबतो.

त्याला हुकूम देण्याची जुनी भाषा हवेचीच होती, ३ ते १५ पीएसआय. तीन म्हणजे एक टोक, पंधरा म्हणजे दुसरं टोक, नऊ म्हणजे मध्ये. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण शून्य म्हणजे काय हे मग कळलं नसतं. 'अगदी खाली जा' असा हुकूम आहे की नळीच तुटली आहे? तीनपासून सुरुवात केल्यामुळे शून्याला एकच अर्थ उरला, काहीतरी बिघडलं आहे. पुढे विजेवरचे हुकूम आले तेव्हाही ४ ते २० मिलिअँपिअर असं ठेवलं, त्याचं एक कारण हेच. गप्प राहणं आणि 'नाही' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या यंत्रांना शिकवलेलं आहे.

तरीही यंत्र खोटं बोलू शकतं. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. त्याची सुरुवात पाणी शुद्ध करणाऱ्या भागात झाली. तिथे अडकलेला माल मोकळा करताना हवेच्या लाइनीत पाणी शिरलं आणि त्यामुळे व्हॉल्व्ह बंद झाले, असं मानलं जातं. पुढे अणुभट्टीच्या बाजूचा दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. कंट्रोल रूममध्ये मात्र तो बंद असल्यासारखा दिवा दाखवत होता. दिवा प्रत्यक्ष व्हॉल्व्हला जोडलेला नव्हता, सोलेनॉइडला दिलेल्या हुकुमाला जोडलेला होता. 'बंद हो' असं सांगितलं गेलं होतं एवढंच तो दिवा सांगत होता, आणि माणसांनी त्याचा अर्थ 'बंद झाला' असा घेतला. म्हणून हवा कोरडी ठेवायची, आणि म्हणून आजच्या व्हॉल्व्हांच्या डोक्यावर स्विचचा छोटा डबा असतो, जो दांडा खरोखर कुठे आहे ते सांगतो.

हे सगळं मी मुलांना ज्या कारणासाठी शिकवतो ते आता सांगतो. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी ठेकेदाराकडून एका कारखान्यात कामाला होता. कारखान्याचं नाव घेत नाही. त्याला जुने ॲक्च्युएटर उघडून साफ करायला सांगितलं होतं. परातीसारख्या झाकणाचा एक ॲक्च्युएटर त्याने टेबलावर घेतला आणि पाना लावून एकेक बोल्ट काढत गेला. हवेची नळी जोडलेली नव्हती, त्यामुळे आत काही नाही असं त्याला वाटलं. आत दाबलेली स्प्रिंग होती. शेवटच्या बोल्टांना ताण सहन झाला नाही, झाकण उडालं. त्याचा जबडा मोडला आणि उजवा डोळा गेला. त्या झाकणावर पिवळं स्टिकर होतं, धोक्याची सूचना स्पष्ट छापलेली होती, इंग्रजीत. तो सातवीपर्यंत शिकला होता.

हवा गेल्यावर व्हॉल्व्हला सुरक्षित ठेवणारी स्प्रिंग आणि त्याचा डोळा घेणारी स्प्रिंग एकच आहे. त्यामुळे चार गोष्टी मी पाठ करून घेतो. लाइनीतला माल आणि दाब आधी काढून टाकायचा आणि ती थंड होऊ द्यायची. हवा नाही म्हणजे ताकद नाही असं कधी समजायचं नाही. हवा गेल्यावर बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा बदलताना आधी त्याला वेगळ्या नळीने हवा देऊन उघड्या स्थितीत आणायचं, मगच बॉडीचे बोल्ट ढिले करायचे, म्हणजे स्प्रिंगचा भार पडद्यावर राहत नाही. नवा पडदा बसवतानाही तसंच, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. ॲक्च्युएटरच्या झाकणाला काही बोल्ट इतरांपेक्षा लांब असतील तर ते उगाच लांब नाहीत. आखूड बोल्ट आधी काढायचे आणि लांब बोल्ट सगळे मिळून हळूहळू ढिले करायचे, म्हणजे स्प्रिंग त्यांच्या लांबीवर सावकाश मोकळी होते. आणि ज्या ॲक्च्युएटरचं पुस्तक समोर नाही, तो उघडायचाच नाही.

एका रविवारी एक मुलगा मोबाइलवरचा फॉरवर्ड घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की व्हॉल्व्हचा शोध बगदादच्या मुसलमानांनी लावला. त्यात सत्याचा अंश आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ होते, मुहम्मद, अहमद आणि हसन. त्यांच्या 'किताबुल हियल'मध्ये सुमारे शंभर युक्तीच्या यंत्रांचं वर्णन आहे आणि त्यांत शंकूच्या आकाराचे, पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघड-बंद होणारे व्हॉल्व्ह आहेत. पण व्हॉल्व्ह त्यांच्याही आधी ग्रीकांकडे होते, आणि ग्रीकांचं ज्ञान या भावांनी माणसं लावून अरबीत आणवलं, मगच त्यात भर घातली. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं की यातलं घेण्यासारखं काय ते बघ. त्यांनी परक्या भाषेतलं आपल्या भाषेत आणलं आणि पुढे आकृत्या काढून लिहून ठेवलं, म्हणून ते उरलं. आपल्याकडे कारखान्यात २०-२५ वर्षं घासलेले कितीतरी लोक आहेत. त्यांना येणारं सगळं त्यांच्या निवृत्तीबरोबर घरी जातं, कारण ते कुणी मराठीत लिहीत नाही.

भाचीला ती नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे तिने अर्ज केला आहे, बघू. मधल्या काळात तिने ओट्यावरच्या व्हॉल्व्हसाठी एक काम केलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड मार्करने लिहून तिने ती पट्टी ॲक्च्युएटरवर लावली, 'हवा गेली की बंद. आत स्प्रिंग दाबलेली आहे. पुस्तक बघितल्याशिवाय उघडू नका.' तिच्यापेक्षा लहान मुलं आता ते मोठ्याने वाचतात आणि विचारतात, आत खरंच आहे का?

तुमच्या घरातलं कुणी सातपूरला, अंबडला, सिन्नरला किंवा आणखी कुठल्या एमआयडीसीत कामाला जात असेल, तर त्यांना समोरच्या व्हॉल्व्हबद्दल तीन प्रश्न विचारायला सांगा. हवा गेली तर हा कुठे जाईल? तसं का ठरवलं? आणि तो तिथे खरोखर गेला हे मला कशावरून कळेल? पहिल्याचं उत्तर प्लेटवर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर देणारा एखादा जुना माणूस त्या कारखान्यात नक्की असतो, त्याला चहा पाजा आणि विचारा. तिसऱ्यासाठी मात्र दिव्यावर भरवसा ठेवू नका, दांड्यापर्यंत जाऊन बघा.